'द पेनी ड्रॉप्ट': उशिरा पेटणाऱ्या ट्यूबचं इंग्रजी

इंग्रजीत 'समजलं' म्हणायला भरपूर वाक्प्रचार आहेत आणि आपल्याकडच्या बऱ्याच क्लासांत ते एका दमात शिकवले जातात. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्या रकान्यात मराठी, आणि उजवीकडे बहुतेक ओळींत एकच शब्द: समजणे. 'द पेनी ड्रॉप्ट' या यादीत हमखास असतो. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात, आणि प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की एक तर वापरतच नाहीत किंवा भलत्याच जागी वापरतात.

दोष मुलांचा नाही, त्या उजव्या रकान्याचा आहे. तिथे 'समजलं'ऐवजी 'तेव्हा कुठे समजलं' असं लिहिलं असतं तर निम्मं काम झालं असतं. या वाक्प्रचाराचा सगळा जीव त्या 'तेव्हा कुठे'मध्ये आहे. आधी काही काळ समजत नव्हतं, आणि मग एकदम समजलं. उशीर नसेल तर हा वाक्प्रचार वापरायचाच नाही. एवढी एक गोष्ट पक्की करून पुढे जाऊ.

उच्चाराचंही आत्ताच उरकून घेऊ. स्पेलिंगच्या शेवटी 'डी' आहे, पण 'प'च्या लगेच मागे आल्यामुळे त्याचा उच्चार 'ट' होतो. म्हणून 'ड्रॉप्ट'. 'ड्रॉपेड' तर नाहीच नाही. 'स्टॉप्ट' आणि 'हेल्प्ट'चंही तेच.

पहिली पायरी: ते यंत्र डोळ्यांसमोर आणा

1880च्या दशकात लंडनमध्ये नाणं टाकून चालणारी यंत्रं आली. पर्सिव्हल एव्हरिट यांचं पोस्टकार्ड देणारं यंत्र 1883 सालचं. मग रेल्वेच्या फलाटांवर चॉकलेटची यंत्रं आली, समुद्रकिनाऱ्यांवरच्या करमणुकीच्या जागी डोळा लावून चित्रं बघायची यंत्रं आली. नाणं बहुधा एकच, एक पेनी. ही पेनी म्हणजे आजची चिल्लर नव्हे. 1860 पासून चालत आलेलं ते ब्राँझचं नाणं जवळपास 31 मिलिमीटर रुंद आणि साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वजनाचं होतं. या यंत्रांत वीज नसायची, काम नाण्याच्या वजनावरच व्हायचं. फटीतून आत गेलेली पेनी घरंगळत खाली यायची, एका दांडीवर पडायची, दांडी दबली की खटका सुटायचा आणि वस्तू बाहेर यायची.

आता मधेच नाणं अडकलं तर? गिऱ्हाईक तसंच उभं. पैसे तर टाकून झालेत, वस्तू आत तयार आहे, पण काहीच हलत नाही. मग बाजूनं एक थाप मारायची, थोडं हलवायचं, आणि अचानक आतून 'खट्' असा आवाज. पेनी पडली, यंत्र चाललं. ऑक्सफर्डच्या कोशानं या वाक्प्रचाराचं मूळ याच यंत्रांशी जोडलेलं आहे आणि 1930च्या दशकातल्या छापील इंग्रजीत तो 'आत्ता समजलं' या अर्थानं सापडतो.

आपल्याकडच्या रेल्वे स्टेशनांवर रंगीत दिवे फिरणारं वजनाचं यंत्र ज्यांनी वापरलंय त्यांना हे चित्र लगेच दिसेल. नाणं टाकायचं, हलायचं नाही, दिवे गरगरत राहतात, आपण वाट बघतो, आणि मग ते पुठ्ठ्याचं तिकीट टपकन खाली पडतं. तो वाट बघण्याचा क्षण आणि ते 'टपकन', दोन्ही मिळून हा वाक्प्रचार बनतो.

15 फेब्रुवारी 1971 रोजी ब्रिटननं दशमान नाणी स्वीकारली. तोवर पौंडाच्या 240 पेन्या होत्या, त्या 100 झाल्या आणि ती जुनी जाडजूड पेनी चलनातून गेली. वाक्प्रचार मात्र राहिला. यात नवल काहीच नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 पासून दशमान पैसे आले, तरी आपण आजही 'सोळा आणे खरं' म्हणतोच. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकलेल्यांसाठी आणखी एक: जर्मनमध्येही 'डेर ग्रोशन इस्ट गेफालन' म्हणतात, म्हणजे ग्रोशन हे जुनं नाणं पडलं. डच लोक त्यांच्या जुन्या पंचवीस सेंटच्या नाण्याचं नाव घेतात. नाणी वेगवेगळी, खटका तोच.

दुसरी पायरी: तीन प्रश्न विचारा

वाक्प्रचार वापरण्याआधी मनाशी तीन प्रश्न विचारायचे. नाणं आधीच टाकलेलं होतं का, म्हणजे समजण्यासाठी लागणारी माहिती समोर होती का? मधे वेळ गेला का? आणि समजलं ते एका झटक्यात का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तरच पेनी पडते.

उदाहरण घरातलंच घेऊ. समजा, एका मुलाला त्याच्या आत्याचा आठवड्यात तिसऱ्यांदा फोन येतो. पहिल्यांदा तिनं विचारलं, नोकरी पर्मनंट झाली का. दुसऱ्यांदा, पुण्यात फ्लॅट बुक केलाय म्हणे, कुठे? तिसऱ्यांदा, चष्म्याचा नंबर वाढला की काय. मुलगा प्रत्येक वेळी सरळ उत्तरं देतोय, आत्याला आपली किती काळजी म्हणून खूशही आहे. मग ती सहज विचारते, 'तुझी उंची पाच-आठ की पाच-नऊ रे?' आणि त्याला कळतं की कुठेतरी स्थळ बघणं चालू आहे. पेनी पडली ती इथे. आत्यानं लग्नाचा 'ल' काढलेला नाही. सगळे धागे आठवडाभर त्याच्या हातात होते, उंचीच्या प्रश्नानं फक्त थाप मारली. इंग्रजीत: 'व्हेन शी आस्क्ट माय हाइट, द पेनी ड्रॉप्ट.'

आता हेच जरा बदला. आत्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं, 'अरे, तुझ्यासाठी एक स्थळ आलंय.' मुलाला समजलं. पण इथे पेनी पडली नाही, इथे त्याला बातमी मिळाली. 'ही टोल्ड मी द मीटिंग वॉज कॅन्सल्ड अँड द पेनी ड्रॉप्ट' या वाक्यात हीच गफलत आहे. सांगितलेलं समजणं आणि स्वतःच्या डोक्यात जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून एखादा शब्द, एखादी खूण मिळाली तर चालते, पण जुळणी आतच व्हायला हवी. (मीटिंग रद्द झाल्याचं कळल्यावर 'अच्छा, म्हणून सकाळपासून साहेब दिसले नाहीत!' असं जुळलं, तर मात्र चालेल.)

ऑफिसातलं एक उदाहरण जास्त कामाचं आहे, कारण ज्यांना इंग्रजीत रोज मेल लिहावे लागतात त्यांच्याबाबत हे सहज घडू शकतं. समजा, हिंजवडीतल्या एका टीमनं वर्षानुवर्षं अमेरिकन क्लायंटबरोबर काम केलंय. अमेरिकेत एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे तो बाजूला ठेवणं, पुढे ढकलणं. नवा क्लायंट लीड्सचा, ब्रिटिश. त्याचा मेल येतो: 'लेट्स टेबल द बजेट ऑन थर्सडे.' टीम निवांत होते, बजेट पुढे गेलं म्हणून. गुरुवारी कॉल सुरू होतो आणि समोरचे आकडे मागतात. इकडे शांतता. 'बट यू सेड टेबल इट', कुणीतरी चाचरत म्हणतं. 'एक्झॅक्टली', तिकडून उत्तर येतं. त्या 'एक्झॅक्टली'वर पेनी पडते: ब्रिटनमध्ये 'टेबल' करणं म्हणजे विषय चर्चेला मांडणं, बरोबर उलटं. मेल सोमवारपासून समोर होता, शब्द समोर होता, अर्थ गुरुवारी पडला. अशा जागी 'वी अंडरस्टुड' म्हणणं फिकं आहे. 'द पेनी ड्रॉप्ट हाफवे थ्रू द कॉल' म्हटलं की ती शांतता, तो उशीर, सगळं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं.

तिसरी पायरी: वाक्याची चौकट

इथे मराठी माणसाला एक आयती सोय आहे आणि तिचा फायदा फार कमी जण घेतात. इंग्रजी 'आय अंडरस्टुड' म्हणते तेव्हा समजून घेणारा 'मी' कर्ता असतो. आपण मात्र 'मला समजलं', 'माझ्या लक्षात आलं', 'माझ्या डोक्यात प्रकाश पडला' म्हणतो. समज आपल्याकडे येते, आपण तिला आणत नाही. 'द पेनी ड्रॉप्ट'चीही चौकट अशीच आहे. कर्ता पेनी. ती आपोआप पडते. आपण फक्त साक्षीला असतो.

म्हणून 'आय ड्रॉप्ट द पेनी' चूक. त्याचा अर्थ माझ्या हातून नाणं पडलं, एवढाच. 'द पेनी वॉज ड्रॉप्ट' चूक, कारण कुणी पाडत नाही. 'माय पेनी ड्रॉप्ट'ही चूक. 'माझी ट्यूब पेटली' या मराठीवरून तो 'माय' आत शिरतो, त्याला बाहेरच ठेवा. कुणाची पेनी हे बहुतेक वेळा संदर्भावरून कळतंच, आणि सांगायचंच झालं तर 'फॉर' लावायचा: 'द पेनी ड्रॉप्ट फॉर मी.' 'टू मी' नाही. 'मला' या शब्दासाठी हात आपोआप 'टू'कडे जातो, त्याला आवरायला हवं.

'द' सोडू नका. 'अ पेनी ड्रॉप्ट' म्हटलं तर ऐकणारा जमिनीकडे बघेल. आणि पेनी एकवचनीच, दहा जणांना एकदम समजलं तरीही.

काय समजलं ते कुठे सांगायचं, हा खरा अडचणीचा भाग. 'अंडरस्टँड'ला कर्म लागतं, या वाक्प्रचाराला लागत नाही. सगळ्यात सोपी आणि उत्तम वाट म्हणजे वाक्य तिथेच संपवायचं आणि समजलेली गोष्ट पुढच्या वाक्यात सांगायची. 'देन द पेनी ड्रॉप्ट. ही वॉज द ओनर.' मधला पूर्णविराम इथे काम करतो, वाचणाराही क्षणभर थांबतो. वर्तमानपत्रांत 'द पेनी हॅज ड्रॉप्ट दॅट...' असं 'दॅट' लावून पुढे नेतात, तेही बरोबर. पण शिकताना दोन वाक्यांचीच सवय लावावी असं माझं मत आहे.

काळ बहुतेक वेळा भूतकाळ, कारण उशिरा कळल्याची हकिकत आपण कळल्यावरच सांगतो. त्याआधी 'देन', 'सडनली', 'फायनली' यातलं काहीतरी येतं. 'फायनली द पेनी ड्रॉप्ट' म्हणजे आपलं 'एकदाचं समजलं'. वाट बघत असाल तर 'आय वॉज वेटिंग फॉर द पेनी टू ड्रॉप'. अजून समजलेलं नसेल तर 'द पेनी हॅजन्ट ड्रॉप्ट यट'. चेहऱ्यावरून दिसलं तर 'यू कुड सी द पेनी ड्रॉप', आणि हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. वर्गात गणित सोडवून दाखवताना तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या कपाळावरची आठी अचानक विरते, तोंड किंचित उघडतं, पेन पुन्हा वहीवर टेकतं. शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे पाहिलेलं असतं, आणि त्याला इतकं नेमकं नाव इंग्रजीत दुसरं नाही.

चौथी पायरी: शेजाऱ्यांत गल्लत नको

'गेट द पिक्चर' म्हणजे एकूण परिस्थिती ध्यानात येणं. त्यात उशीर नाही, धक्का नाही. 'गेट द हँग ऑफ' हे हाताला सवय होण्यासाठी: पोळी गोल लाटणं, गिअर बदलणं. 'रिंग अ बेल' म्हणजे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटणं, समज अजून लांब आहे. 'रीड बिटवीन द लाइन्स' म्हणजे न बोललेलं ओळखणं, आणि तिथे ओळखणारा हुशार ठरतो, उशिरा पोचलेला नाही. 'मेक हेड ऑर टेल' बहुतेक नकारातच येतो: काही केल्या समजेना.

खरी गल्लत 'सिंक इन'शी होते. दोन्हींत वेळ जातो, म्हणून दोन्ही सारखे वाटतात. फरक असा: पेनी पडते तेव्हा आधी माहीत नसलेलं कळतं, 'सिंक इन' होतं तेव्हा आधीच माहीत असलेलं मनाला पटतं. दहावीचा निकाल स्क्रीनवर दिसतो, पंच्याण्णव टक्के, मुलगी आकडा वाचते, पुन्हा वाचते, आणि तरी तासाभरानं म्हणते की अजून खरं वाटत नाहीये. 'इट हॅजन्ट संक इन यट.' इथे पेनीचं काम नाही, तिला निकाल पहिल्याच क्षणी कळलेला आहे. दुःखाच्या बातमीला तर 'पेनी' चुकूनही लावू नये. तो शब्द हलका आहे, खटक्याचा आहे. शोकात तो कानाला लागतो.

'इट डॉन्ड ऑन मी' जवळचा आहे. उजाडावं तसं हळूहळू समजत जाण्याकडे त्याचा कल असतो आणि जरा गंभीर गोष्टींनाही तो शोभतो. संशय असेल तेव्हा हा घ्यावा.

'वेटिंग फॉर द अदर शू टू ड्रॉप'मध्येही काहीतरी पडतंय, पण अर्थ अगदी वेगळा: पुढचं संकट येणार हे माहीत असून त्याची वाट बघत बसणं. आणि 'स्पेंड अ पेनी' म्हणजे ब्रिटनमध्ये लघवीला जाणं, कारण तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांची कुलपं पेनी टाकून उघडायची.

पाचवी पायरी: कुणाशी बोलताय?

स्वतःबद्दल खुशाल वापरा. स्वतःला उशिरा कळल्याचं मोकळेपणानं सांगणारा माणूस इंग्रजीतही आवडतो. दुसऱ्याबद्दल, विशेषतः त्याच्या तोंडावर, जपून. 'हॅज द पेनी ड्रॉप्ट?' असं साहेबांना विचारणं म्हणजे काकांना 'पेटली का ट्यूब?' म्हणण्यासारखं आहे. मित्राला चालतं, वडीलधाऱ्याला नाही, क्लायंटला तर मुळीच नाही.

देश बघा. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हा रोजच्या बोलण्यातला आहे. अमेरिकेत वाचणाऱ्यांना माहीत असतो, पण तोंडात कमी. तिथे 'इट क्लिक्ट' किंवा 'द लाइट बल्ब वेंट ऑन' म्हणा.

आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी: बोलण्याच्या परीक्षेत वाक्प्रचारांना मान आहे, पण नेमकेपणाला त्याहून जास्त. दुसऱ्या भागात एखादा प्रसंग सांगायला मिळाला तर हा सहज बसतो. लेखी निबंधात नको, तिथे 'रिअलाइज्ड' पुरे. कोर्टाची, बँकेची कागदपत्रं आणि नोकरीचा अर्ज यांतही नको.

सहावी पायरी: मराठीत आणताना

भाषांतर करणाऱ्यांनी आधी पेनी विसरावी. 'पैसे पडले' म्हटलं तर आपल्याकडे माणूस 'किती?' असं विचारतो.

सगळ्यात सुरक्षित 'तेव्हा कुठे लक्षात आलं'. यात चमकदार काही नाही, पण उशीर पुरा उतरतो आणि कोणत्याही पात्राच्या तोंडी बसतं. 'डोक्यात प्रकाश पडला' अर्थानं अगदी जवळचा, जरा मिश्कील. रहस्यकथेत 'उलगडा झाला' बरा. 'उमगलं' खोल आहे, माणसाबद्दल किंवा आयुष्याबद्दल काही कळलं तर तो शब्द ठेवावा. आत्याच्या फोनला 'उमगलं' फार जड होईल. 'खाडकन डोळे उघडले' मात्र नको: त्यात भ्रम तुटणं आहे, फसवणूक कळणं आहे. पेनी कुणाचा भ्रम तोडतेच असं नाही.

आणि मग आपली 'ट्यूब पेटली'. या इंग्रजी वाक्प्रचाराला मराठीत याहून सख्खं भावंड मला दिसत नाही. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटला बटण दाबल्यावर लगेच उजेड येत नसे. स्टार्टरमध्ये दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकते, सर्किट जोडते, ट्यूबची टोकं तापतात. पट्टी थंड होऊन सुटली की चोक विजेच्या दाबाचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पहिल्या झटक्यात नाही पेटली तर पुन्हा तेच. ती फडफड, ते टिकटिक, आणि मग लख्ख. बटण आधीच दाबलेलं आहे, वीज आहे, मधे वेळ आहे, आणि उजेड एकदम: आपले तिन्ही प्रश्न इथे सुटतात. म्हणून तरुण पात्राच्या बोलण्यात, ऑफिसच्या गप्पांत, चटपटीत कथेत मी 'ट्यूब पेटली' बिनधास्त वापरीन. फक्त काळ सांभाळा. 1930च्या दशकातल्या लंडनमधल्या पात्राची ट्यूब पेटवू नका, तिथे 'तेव्हा कुठे'च हवं.

सातवी पायरी: सराव

वाक्यं पाठ करून हे येत नाही. आपल्याला उशिरा कळलेली एखादी खरी गोष्ट आठवा आणि इंग्रजीत चारच वाक्यं लिहा: काय समोर होतं, किती वेळ गेला, थाप कशाची बसली, काय कळलं. तिसऱ्या वाक्यात पेनी पाडा. मोठ्यानं वाचा. चौथं वाक्य तिसऱ्याहून छोटं असेल तर कानाला छान लागतं.

मग ही चार उदाहरणं तपासा.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, शुगर वाढल्याचं सांगितलं आणि मला समजलं. पेनी नाही. सांगितलं गेलं.

रोज सकाळी एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडायचा. आठवड्यानं लक्षात आलं की तो पडतो तेव्हा गीझर आणि इस्त्री दोन्ही चालू असतात. पेनी पडली.

महिनाभर रोज चालवून स्कूटी जमली. पेनी नाही, तिथे 'गेट द हँग ऑफ'.

दुपारी कुणीतरी विनोद सांगितला, सगळे हसले, मधू गप्प. रात्री पंगतीत आमटी वाढून घेताना मधू एकटाच खो खो हसायला लागला. इथे दुसरा कोणताही वाक्प्रचार शोधू नका: 'द पेनी ड्रॉप्ट फॉर मधू ओव्हर डिनर.'